शिखरावर खरेदी कशी करावी
संग्राह्य खेळण्यांच्या होतकरू ग्राहकांसाठी

स्वस्तात घेऊन महागात विकणे ही काही फार मोठी विद्या नव्हे. नशीब आणि थोडा आळस असला की ते जमून जाते. माळा आवरताना कित्येकांच्या हातून ते नकळत घडलेले आहे. तयारी लागते ती महागात घेण्याला. भाव सगळ्यात वर असताना रांगेत उभे राहणे, वस्तू काचेच्या कपाटात ठेवणे, दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर तिचा भाव उतरताना पाहणे आणि जेवताना त्याविषयी चकार शब्द न काढणे, हा क्रम नीट पार पाडायचा तर अभ्यास हवा. बाजार चालतो तो अशाच लोकांच्या जिवावर. मार्गदर्शन मात्र सगळे लवकर पोहोचणाऱ्यांसाठी लिहिले जाते. उशिरा पोहोचणाऱ्यांची ही सोय.

मुहूर्त

लवकर खरेदी करण्याचा मोह टाळावा. लाबुबूचेच घ्या. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये ‘द मॉन्स्टर्स’ या चित्रकथांतून हा उभ्या कानांचा, दात विचकणारा प्राणी आणला. त्या काळात घेणाऱ्याला ग्राहक म्हणता येत नाही, तो रसिक. त्याला ती वस्तू आवडलेली असते, एवढ्याच क्षुल्लक कारणासाठी तो ती घेतो. २०१९ मध्ये बीजिंगच्या पॉप मार्ट कंपनीने करार केला. तरी थांबावे. २०२३ मध्ये पिशवीला अडकवता येईल अशी केसाळ बाहुली निघाली. थांबावे. एप्रिल २०२४ मध्ये ‘ब्लॅकपिंक’ या कोरियन पॉप गटाच्या लिसाने आपली लाबुबू जगाला दाखवली आणि तिच्या थायलंडपासून सुरुवात होऊन सगळीकडे दुकानांपुढे झुंबड उडाली. इथे हात शिवशिवतील. खिशात घालावेत.

मुहूर्त निघाला तो जून २०२५ मध्ये. बीजिंगच्या एका लिलावात माणसाएवढी लाबुबू १० लाख ८० हजार युआनला, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या घरात गेली. बातमी जगभर छापून आली. ज्याने ती वाचून त्याच आठवड्यात दलालाकडून चढ्या भावाने बाहुली घेतली, त्याला या शास्त्रातला आदर्श साधक म्हणावे लागेल. कारण त्याच महिन्यात कंपनीने नवा माल मोठ्या प्रमाणात सोडला, चीनच्या सरकारी वृत्तपत्राने बंद डब्यांच्या विक्रीवर नाराजीचा लेख लिहिला आणि दलालांकडचे भाव काही प्रकारांत निम्म्यापर्यंत उतरले. ऑगस्टमध्ये तर कंपनीनेच अभिमानाने सांगितले की आता महिन्याला सुमारे ३ कोटी केसाळ बाहुल्या बनतात. महिन्याला ३ कोटी निघणारी दुर्मीळ वस्तू आपल्याकडे नसावी, असे कोणाला वाटेल?

सगळ्यांना बीजिंगच्या लिलावावर नजर ठेवणे जमणार नाही. घरबसल्या ओळखता येतील अशी लक्षणे आहेत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याने “हे काय असते रे?” विचारले, की शिखर हाकेच्या अंतरावर आले. स्टेशनबाहेरच्या पथारीवर, मोबाईलच्या कव्हरांशेजारी, त्याची नक्कल लटकू लागली की पोहोचलेच. आणि एखाद्या मराठी मासिकात त्या विषयावर लेख आला, तर आपण उतारावर आहोत असे समजून पावले जपून टाकावीत. प्रस्तुत लेख त्याला अपवाद नाही.

नकलांबद्दल एक सूचना. लाबुबूच्या नकलेला जगभर ‘लाफुफू’ म्हणतात, आणि अस्सल-नक्कल ओळखायची रूढ रीत म्हणजे दात मोजणे. अस्सल लाबुबूला नऊ दात असतात. तेव्हा दुकानात शिरल्याबरोबर बाहुलीचे तोंड उजेडाकडे करून शांतपणे दात मोजावेत. विक्रेता विचित्र नजरेने पाहील, पाहू द्यावे. भारतात या कंपनीचा माल सरळ मार्गाने येणे कठीण, कारण खेळण्यांवरचा आयात कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाला, शिवाय जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या पिशवीला जे लटकते आहे त्याचे दात मोजायला न गेलेलेच बरे. मधेच कोणीतरी ही बाहुली म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियातला पाझुझू नावाचा राक्षस असल्याची आवई उठवली आणि मुंबईतल्या एका प्रसिद्ध विनोदी कलावतीने आपली लाबुबू चक्क जाळून टाकली. गुंतवणूकदाराने असा निर्णय घेण्यापूर्वी त्या दिवशीचा भाव अवश्य पाहावा.

बंद डबा

शिखरावरच्या खरेदीला बंद डब्याची जोड मिळाली तर फळ लवकर मिळते. डब्यात कोणता नमुना आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि ‘सीक्रेट’ म्हणून जो एक नमुना असतो तो लाबुबूच्या मालिकांत सहसा ७२ डब्यांत एक. इथे नवखा माणूस हिशेब करतो की ७२ डबे घेतले की सीक्रेट मिळणारच. प्रत्येक डब्याची शक्यता स्वतंत्र धरली, तर ७२ डबे फोडूनही सीक्रेट न निघण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. डबा चीनमध्ये ९९ युआनचा धरा. म्हणजे ७,१२८ युआन, पाऊण लाख रुपयांच्या वर, मोजल्यावरही तीनातल्या एकाहून जास्त माणसांनी रिकाम्या हाताने परतायचे. रिकामे म्हणजे तसे रिकामे नाही, ७२ बाहुल्या असतात. पण त्या नको असतात.

डबा हलवून, कानाशी धरून, तळहातावर तोलून आत काय आहे ते सांगणारे तज्ज्ञ सगळीकडे असतात. त्यांचा आदर करावा. चीनने २०२३ मध्ये नियम केला की आठ वर्षांखालच्या मुलांना असे डबे विकू नयेत. मुलांना त्याची सवय लागते म्हणून. आठ वर्षांवरचा माणूस विचारी असतो असे सरकारने गृहीत धरले आहे, आणि पॉप मार्टच्या डब्यांवर तर ‘१५ वर्षे व त्यापुढील’ असे छापलेले असते. तेव्हा घरी कोणी “या वयात खेळणी?” म्हणाले तर डबाच पुढे करावा. तेवढ्याने भागले नाही तर आकडा सांगावा: २०२४ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत १८ वर्षांवरच्या लोकांनी स्वतःसाठी घेतलेली खेळणी, तीन ते पाच वर्षांच्या पोरांसाठी घेतलेल्या खेळण्यांपेक्षा किमतीत जास्त भरली.

डब्यात काय आहे हे न कळणे ही पुढची पायरी झाली. त्याच्या कितीतरी आधी, डब्यात काहीच नसताना तो विकण्याचा मान केनर या खेळण्यांच्या कंपनीचा. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ अनपेक्षित धो धो चालला, नाताळ आला, आणि बाहुल्या तयार नव्हत्या. कंपनीने पुठ्ठ्याचे पाकीट विकले. आत एक प्रमाणपत्र: पुढच्या वर्षी चार बाहुल्या टपालाने येतील. मुलांनी नाताळच्या सकाळी कागद उघडून वाचला. आज तो कागद न वापरता जपलेला असेल तर त्याला चांगली किंमत येते, आणि याचे कारण एवढेच की शहाण्या मुलांनी तो पाठवून बाहुल्या मागवल्या.

टंचाई

टंचाई आपोआप होत नाही, ती करावी लागते, आणि तिचा आद्य आचार्य टाय वॉर्नर. १९९३ मध्ये त्याने बीनी बेबीज आणल्या: मुठीत मावणारे, दाणेदार भरणाचे प्राणी, किंमत पाच डॉलर. मोठ्या साखळी दुकानांना तो माल देत नसे. छोट्या भेटवस्तूंच्या दुकानांत, तोही मोजून. मग एकेक प्राणी ‘निवृत्त’ होऊ लागला. निवृत्तीची घोषणा झाली की पाच डॉलरचा बेडूक शेकड्यात जाई. १९९७ च्या सुमारास ईबेवरच्या उलाढालीचा दहाएक टक्के भाग या प्राण्यांचा होता. दहा वर्षांनी कोणत्या प्राण्याची किंमत किती होईल याचे तक्ते असलेली पुस्तके खपत. कानाला टाचलेल्या हृदयाच्या आकाराच्या चिठ्ठीला चुणी पडू नये म्हणून तिच्यावर चढवायचे प्लास्टिकचे आवरण मिळे. या सगळ्या व्यवहारात भाव कधी उतरला नाही असा माल कोणता, तर मला वाटते ते आवरण.

ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने जाहीर केले की वर्षअखेर सगळेच प्राणी निवृत्त. ‘द एंड’ नावाचे काळे अस्वलही काढले. मग लोकांकडून मत मागवले, प्रत्येक मताला पन्नास सेंट, आणि जनमताचा आदर करून उत्पादन चालू ठेवले. निवृत्तीनंतरची मुदतवाढ आपल्या वाचकांना नवी नाही. फरक इतकाच की आपल्याकडे त्यासाठी लोकांकडून प्रत्येकी पन्नास सेंट घेत नाहीत. बाजाराने मात्र मुदतवाढ दिली नाही.

त्याआधीची पिढीही कमी नव्हती. १९८३ च्या नाताळात कॅबेज पॅच बाहुल्यांसाठी अमेरिकेत दुकानांत मारामाऱ्या झाल्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका दुकानाच्या व्यवस्थापकाला गर्दी आवरायला बेसबॉलची बॅट हातात घ्यावी लागली. मिलवॉकीच्या रेडिओवर कोणी गमतीने सांगितले की विमानातून बाहुल्या टाकणार आहेत, मैदानात येऊन क्रेडिट कार्ड वर धरा. कडाक्याच्या थंडीत काही माणसे खरेच आली. बाहुली बनवणाऱ्या कोलेको कंपनीने १९८८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

साठवण आणि वाटणी

आता मुख्य अडचण सांगायला हवी, कारण ती न सांगता मार्गदर्शन करणे हा अप्रामाणिकपणा होईल. जुन्या खेळण्यांना किंमत येते ती पोरांनी बाकीची मोडली म्हणून. मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या ‘लिओ’ खेळण्यांनी हॉट व्हील्सवाल्या अमेरिकन मॅटेलशी भागीदारी करून ऐंशीच्या दशकात त्या छोट्या गाड्या भारतात बनवल्या. त्या आपल्या पोरांनी चाळीच्या गॅलरीत आदळल्या, गटारात बुडवल्या, चाके काढली, आणि शेवटी भंगारवाल्याला गेल्या. आज परदेशातले संग्राहक डब्यातली कोरी लिओ शोधत फिरतात. कोरी ठेवावी हे तेव्हा कोणाला सुचलेच नाही, म्हणून ती महाग आहे. उलट १९९५ मध्ये केनरने स्टार वॉर्सच्या बाहुल्या पुन्हा काढल्या, तेव्हा मोठ्या माणसांनी त्या खोक्यांनी विकत घेऊन न फोडता ठेवल्या. आजही त्या न फोडलेल्याच आहेत. सगळ्यांकडे.

त्याच १९९५ मध्ये मॅटेलने मुद्दाम कमी गाड्या काढायची रीत सुरू केली: ‘ट्रेझर हंट’, १२ गाड्या, प्रत्येकी १०,०००. आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत हॉट व्हील्सचा खोका फुटण्याआधीच दारात उभी असणारी प्रौढ मंडळी दिसतात. मुलगा आईचे बोट धरून येतो तोवर खिळ्यांवर उरलेली असते ती कोणालाही नको असलेली जांभळी व्हॅन. ती त्याने घ्यावी, जमिनीवर आपटावी, हरवावी. पुढची किंमत तोच तयार करतो आहे.

म्हणून जाणकारांनो, आपण आणि आपल्यासारख्या सर्वांनी एकाच वेळी जपायचे नसते. दुसऱ्यांनी मोडायचे असते. हे शेजाऱ्यांना कसे पटवावे याची पद्धत अजून विकसित झालेली नाही. कंपन्या त्यांच्या परीने हातभार लावतात: गोदाम भरून वाहू लागले म्हणून संग्राह्य बाहुल्या बनवणाऱ्या फंको कंपनीने २०२३ मध्ये ३ कोटी ते ३ कोटी ६० लाख डॉलरचा माल निकालात काढायचे ठरवले. त्यामुळे आपल्या कपाटातली फंको महाग झाली का? नाही झाली. तरी विचार चांगला होता.

घरी पुरावा मागितला जाईल. तेव्हा मॉस्कोच्या संशोधकांचा लेगोवरचा अभ्यास दाखवावा: उत्पादन थांबलेल्या संचांचा जुन्या बाजारातला परतावा सरासरी वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास. ज्या पानावर काही संचांचे भाव निम्म्याने पडल्याचे दिले आहे ते पान चिकटलेले राहिले तर राहू द्यावे. आणि “आपल्याकडे लेगो कुठे आहे?” असा प्रश्न आला तर उठून पाणी प्यायला जावे.

विक्रीविषयी फार लिहीत नाही, कारण या मार्गाला लागलेला माणूस विकत नाही. भाव परत वर येईपर्यंत थांबतो. प्रश्न येतो वाटणीचा. नोव्हेंबर १९९९ मध्ये लास वेगासच्या एका घटस्फोटात दांपत्याला बीनी बेबीज कशा वाटायच्या ते ठरेना. न्यायाधीशांनी सगळा साठा कोर्टात आणायला लावला, आणि दोघांनी फरशीवर उकिडवे बसून, आळीपाळीने एकेक प्राणी उचलला. भाव तेव्हा नुकता उतरायला लागला होता. वकिलांचा उतरला नव्हता. असा प्रसंग नको असेल तर प्रत्येक वस्तू पहिल्यापासून जोडीने घ्यावी, दोन्ही नमुने वेगवेगळ्या कपाटांत ठेवावेत, आणि पावत्याही दोन नावांवर घ्याव्यात. खर्च दुप्पट होईल हे खरे. पण मागणीही दुप्पट दिसेल, आणि कंपनीच्या पुढच्या तिमाही अहवालात ती ‘ग्राहकांचा वाढता ओढा’ म्हणून छापून येईल.