थंडीतले धावपटू भाऊ

जालन्यात डिसेंबर लागला की हुरडा येतो, कानटोप्या येतात आणि चौकाचौकात धावण्याच्या स्पर्धेचे बॅनर येतात. त्यांच्यामागोमाग भाऊ येतात.

भाऊ कोणीही असू शकतात. कुणाचं नव्या मोंढ्यात बियाण्याचं दुकान असतं, कुणी एमआयडीसीत सळईच्या कारखान्याचे हिशेब बघतो, कुणी झेडपीत टेबल सांभाळतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, वजन नव्वद. डॉक्टरांनी ‘शुगर बॉर्डरवर आहे’ असं सांगितल्यापासून त्यांच्यात जवान संचारलेला असतो. एकवीस किलोमीटरचा फॉर्म ते भरणारच होते, पण वहिनी म्हणाल्या, “आधी गांधी चमनपर्यंत पायी जाऊन दूध आणा.” मग पाच किलोमीटरवर तडजोड झाली.

नोंदणी केली की टी-शर्ट मिळतो. भाऊ तो आदल्या संध्याकाळीच घालून चहाच्या टपरीवर हजेरी लावतात. “उद्या पळायचंय, साखर कमी टाक,” असं तीनदा सांगतात आणि तिन्ही चहा पितात. रात्री साडेचार, चार चाळीस आणि चार पन्नासचे अलार्म लागतात. तिन्हींना वहिनी उठतात. महिको ही बियाणे कंपनी १९६४ साली ज्या गावात सुरू झाली, त्या गावाला उगवणशक्ती समजावून सांगायला नको; धावायच्या नोंदणीची उगवण मात्र थंडीत फार पडते. हजार नावं पेरली तरी पहाटे दुलईबाहेर किती येतील, याची हमी कुठलीच कंपनी देत नाही. भाऊ उगवतात, एवढं त्यांचं श्रेय.

पण उगवतात कसे? आत थर्मल, त्यावर टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट, वर मफलर. याच गावात भट्ट्यांमध्ये दीड हजार अंशांवर भंगाराचं पाणी होतं, आणि पारा दहावर आला की याच गावाचे दात वाजतात. कार्यकर्ता विचारतो, “काका, नंबर?” नंबर टी-शर्टला टाचलेला. भाऊ मफलर सोडतात, जाकिटाची चेन ओढतात, स्वेटर वर करतात आणि रांग थांबवून नंबर दाखवतात. नंबर उलटा लावलेला असतो.

सहाची वेळ दिलेली, पाहुणे सातला येतात. तोवर मंचावरून झुंबा चालू. भाऊंची निम्मी ताकद तिथेच खर्च होते. झेंडा हलतो आणि पहिले दोनशे मीटर भाऊ सगळ्यांच्या पुढे असतात, कारण कॅमेरा तेवढाच लांब उभा असतो. त्यानंतर शास्त्र सुरू होतं. धावताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा पाय हलवायला लागतो, बाकीची उष्णता होते. म्हणून जाणते धावपटू सुरुवातीला थोडे कुडकुडतच उभे राहतात. भाऊ दुसऱ्या किलोमीटरला उकडून निघतात. जाकीट कमरेला, स्वेटर खांद्यावर, मफलर हातात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ धोब्याकडे निघालेत.

कडेला शेकोटीशी बसलेले आजोबा विचारतात, “काहून पळू राह्यले भाऊ? कुत्रं लागलं का मागं?” उत्तराला भाऊंकडे दम नसतो. तेवढ्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोन मुली “काका, साइड!” म्हणत निघून जातात. त्यांना भरतीत आठशे मीटरचे मार्क मिळवायचे असतात आणि त्या रोजच याच रस्त्यावर असतात. टी-शर्ट नसतो, झुंबा नसतो, पाहुणे नसतात. गावातच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. त्या भरतीला जाणाऱ्या पोरांना तर पाच किलोमीटर ही परीक्षाच असते, हौस नव्हे.

भाऊंना मात्र परंपरेचा आधार असतो. “धावणं आपल्या जिल्ह्याच्या रक्तात आहे,” ते दम खात सांगतात. “समर्थ जांबचे. लग्नात ‘सावधान’ ऐकलं आणि मांडवातून जे सुटले ते थेट नाशिक!” आख्यायिका खरीच तशी आहे आणि अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. फरक एवढाच, की भाऊंनी तो शब्द ऐकूनही पाय हलवला नव्हता. शेजारच्या बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे सैन्यात असताना सियाचीनला राहिले आणि २०२३ मध्ये ५००० मीटर १३ मिनिटं १९.३० सेकंदांत धावले. भाऊंना सत्तेचाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात साबळे तीनदा पोचून चौथ्या फेरीच्या मध्यावर असते. भाऊ म्हणतात, “पन्नासच्या आत आलो!”

मग पदक, सेल्फी, आणि नाश्ता. नव्वद किलोच्या माणसाचे पाच किलोमीटरला साधारण साडेचारशे कॅलरी जळतात. भाऊ दोन कचोऱ्या आणि पावशेर जिलबीवर ताव मारतात. दुकानाचा पैन्‌पैचा हिशेब ठेवणारा माणूस हा व्यवहार तोट्यात करतो आणि वर पाहुण्यांनाही बोलावतो. गंमत म्हणजे, हेच भाऊ अंगारकीला रात्रभर चालत राजूरच्या गणपतीला जातात. ते पंचवीसेक किलोमीटर होतात. पण त्याचा फोटो नाही, पदक नाही, आणि व्यायाम म्हणून तर ते त्यांनी कधी मोजलेलंच नाही.

सोमवारी भाऊ जिना उतरताना कठड्याला धरतात. बहुतेक भाऊ पुढच्या डिसेंबरपर्यंत तिथेच थांबतात. एखादा मात्र पुढच्या आठवड्यात मोतीबागेत दिसतो: पदक घरी, मफलर घरी, चाल संथ, सोबत कुणी नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन चटके देतं. धावायला खरा हंगाम थंडीचाच, हे त्याला कळलेलं असतं. अशा भाऊंना जरूर हसावं. फक्त हसणाऱ्याने पहाटे साडेपाचला मोतीबागेत हजर राहून हसावं.