शेठ, भाडं घ्या हो!

गिरगावातली आमची चाळ विकली गेल्याची पहिली खबर रंगाऱ्यानं आणली. सकाळी सकाळी तो शिडी लावून कमानीवरचं जुन्या मालकाच्या आजोबांचं नाव खरवडत होता. अकरा नंबरच्या काकांनी खालून विचारलं, "काय रे, कोण गेलं?" तो म्हणाला, "गेलं कुणी नाही काका. आलंय."

त्या संध्याकाळी गॅलरीत सभा भरली. विषय एकच, आता आपण कुणाचे? सात नंबरच्या वहिनींनी सरळच विचारलं, "आधी सासूबाईंनी भाडं भरलं, मग मी भरलं. आता विटांबरोबर आपणही विकले गेलो का?"

कायद्यानं बघायचं तर गेलोच. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 चा, म्हणजे मुंबईच्या ट्रामला घोडे जुंपत होते तेव्हाचा. भाड्यानं दिलेली जागा विकली की भाडेकरू जागेसकट नव्या मालकाच्या पदरी पडतो, हे त्यात तेव्हाच लिहून ठेवलंय. पन्हळ, टेकू, मोरी आणि आपण. आपली सही लागत नाही, नवा करार लागत नाही. जुन्या मालकाच्या हक्कांबरोबर त्याच्या जबाबदाऱ्याही नव्याच्या गळ्यात पडतात. पण खरेदीखत वाचताना नेमक्या त्याच ओळीवर नव्या मालकाचा चष्मा घसरतो.

चाळ विकल्यानंतरही जुन्या शेठचा मेहताजी दोन महिने भाडं घेऊन गेला होता. वहिनींना धसका बसला, आता तेच पैसे पुन्हा भरायचे की काय? तर नाही. जागा विकल्याचं भाडेकरूला ठाऊक नसताना त्यानं जुन्या मालकाला भाडं दिलं असेल, तर नवा मालक ते पुन्हा मागू शकत नाही. विक्रीच्या आधीची थकबाकीही नुसती चाळ घेतली म्हणून त्याची होत नाही. 1882 च्या साहेबाला आमचा मेहताजी कसा कोण जाणे, पण बरोबर कळला होता.

आता नव्या मालकाला भाडं द्यायचं ठरलं. आमचं भाडं, उपकर धरून, महिना 62 रुपये. हसू नका. मी सुटे पैसे घेऊन अंधेरीला त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथली फरशी इतकी गुळगुळीत की चप्पल काढावी की काय असं वाटलं. वॉचमननं वहीत लिहायला कामाचं स्वरूप विचारलं. म्हटलं, "भाडं द्यायला आलोय." त्यानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रकाना रिकामाच ठेवला. वर काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अंकल, सर रेंट घेत नाहीत."

पैसे घ्यायला लाजणारा मालक मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. क्षणभर वाटलं, काय दानशूर माणूस! पण अकरा नंबरच्या काकांची उभी हयात धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयाच्या बाकांवर गेली आहे. ते म्हणाले, "अरे वेड्या, तो 62 रुपये सोडत नाहीये, पावती टाळतोय." भाडं घेतलं की पावती देणं कायद्यानं सक्तीचं, आणि पावतीवर आमचं नाव आलं की आम्ही त्याचे भाडेकरू. न घेतलं तर भाडं थकतं. थकलं की मागणीची नोटीस, नोटिशीनंतर 90 दिवस, आणि मग दावा. गिरगावात भाडं राहण्यासाठी भरत नाहीत. राहतो तर आपण आहोतच. भाडं भरायचं ते पावतीसाठी.

मालकाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर सदर एकतर्फी झाल्याचा ठपका येईल. मुंबईतली जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला खुंटी मारून बांधली होती. 1947 चा भाडे नियंत्रण कायदा मूळचा तात्पुरता, आणि आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टीला मरण नाही. ही गोठलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1997 साली बजावलं. मग 1999 चा कायदा आला. त्यानं मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ बहाल केली. 40 रुपये भाड्यावर 1 रुपया 60 पैसे. एवढ्यात जिन्यावरचा दिवासुद्धा बदलत नाही, तो छप्पर कशातून बदलणार? मालकाची मला खरंच दया आली असती. पण खोली पागडीनं दुसऱ्याच्या नावावर करायची म्हटलं की मालक रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. तो आठवला की दया आवरती घ्यावी लागते.

माझा भाचा हे ऐकून खो खो हसला. ठाण्यात टू बीएचके, लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला करार. भाडं 31 हजार, म्हणजे बरोबर माझ्या पाचशे पट. पुढच्याच महिन्यात त्याचा फ्लॅट विकला गेला आणि हसू थांबलं. त्याच्यासाठी कायदा वेगळा, सुविधाधिकाराचा. तोही 1882 चाच. हस्तांतरणाचा त्या वर्षाचा चौथा, हा पाचवा. सख्खे पाठचे भाऊ, पण स्वभाव बघा. थोरला सांगतो, भाडेकरू जागेबरोबर जातो. धाकटा सांगतो, राहायची परवानगी ज्यानं दिली त्यानं जागा विकली, तर घेणाऱ्यावर त्या परवानगीचं बंधन आपोआप येत नाही. आमचा भाचा कायद्याच्या लेखी पाहुणा निघाला, महिना 31 हजार मोजणारा पाहुणा. डिपॉझिटचं विचारलं तर नवा मालक म्हणतो जुन्याला विचारा, आणि जुन्याच्या फोनवर निळ्या टिकांखेरीज काही उमटत नाही. हल्ली भाचा आमच्याकडे येतो तेव्हा माझ्या भाडेपावत्यांच्या फाइलकडे, लग्नाला आलेली मंडळी नवरीच्या दागिन्यांकडे बघतात तसा बघतो.

इकडे आम्ही काकांच्या सांगण्यावरून दर महिन्याला 62 रुपयांचा चेक स्पीड पोस्टानं पाठवू लागलो. पोस्टाचा खर्च वर अंगावर पडतो, पण इलाज नाही. तीन पाकिटं परत आली. चौथ्या महिन्यात नव्या मालकाच्या वकिलाची नोटीस आली: आपण भाडं थकवलं आहे. त्यात चाळ विकण्याआधीचेही दोन महिने धरले होते. मेहताजीच्या सहीच्या पावत्या माझ्याकडे आहेत.

वहिनी नोटीस वाचून रडकुंडीला आल्या. काका मात्र खुशीत. त्यांनी परत आलेली पाकिटं एकेक करून उजेडात धरली, भाडेपावत्यांच्याच फाइलीत तारखेनं लावली आणि चौथं पाकीट घेऊन आलेल्या पोस्टमनला गॅलरीत चहाला बसवलं.

"बाबा रे," ते म्हणाले, "हे 'घेण्यास नकार' तू फार पुसट लिहितोस. जरा दाबून लिहीत जा. जज्जसाहेबांना चष्मा आहे."