नवस आजीचा, पाय दुसऱ्याचे

आमची आजी आयुष्यात एकही नवस स्वतःसाठी बोलली नाही, असं नातेवाईक अजून भरल्या गळ्याने सांगतात. ते खरंच आहे. बोललेला नवस ती स्वतः फेडायचीही नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

धाकट्या काकाला नोकरी लागावी म्हणून ती तुळजाभवानीला बोलली, की मोठी सून अनवाणी येऊन ओटी भरेल. मोठ्या सुनेला हे नेमणुकीचं पत्र आल्यावर कळलं. आत्याचं लग्न जमेना तेव्हा खंडोबाला साकडं घातलं आणि त्यातली मेहनत होणाऱ्या जावयाच्या नावावर टाकली. जावई अजून सापडायचा होता, ही अडचण तिला वाटली नाही. पुढे सापडला. जेजुरीच्या पायऱ्यांवर बायकोला उचलून घेताना त्या सज्जनाला समजलं, की पाच पायऱ्यांवर भागत असताना आपल्याला पार वरपर्यंत जायचं आहे. आत्या तेव्हाही अंगाने भरलेलीच होती.

अशी आजी पूर्वी वाड्यात एक तरी असायचीच. हातात वातींचा कापूस, तोंडात कोणाची तरी सोयरीक आणि डोळे भिंतीवरच्या कालनिर्णयावर. लक्ष वातींचा संकल्प असला तरी मोजणी गप्पांत चुके, आणि चूक नेहमी देवाच्या फायद्याची धरली जाई. देव तिच्या लेखी घरचेच. त्यांची मर्जी सांभाळायची, पण डोक्यावर बसवायचं नाही. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध पितोय म्हणून धावपळ उडाली. शेजारच्या वहिनी वाटी-चमचा घेऊन धापा टाकत आल्या. आजीने वात वळता वळता सांगितलं, "आमचा जेवलाय. ज्यांच्याकडे उपाशी असेल त्यांनी पाजावं."

शास्त्रार्थात तिला कोणी हरवलं नाही. एकदा कॉलेजात जाणाऱ्या नातवाने एकादशीच्या ताटाची उलटतपासणी घेतली. साबुदाणा ज्या कंदाचा तो, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं अमेरिका खंडांतून आलेलं. ऋषिमुनींनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. "म्हणूनच चालतं," आजी म्हणाली. "त्यांनी पाहिलंच नाही, तर नको कसं म्हणतील?" आणि खिचडीवर आणखी एक चमचा तूप वाढलं.

चांद्र वर्ष सौर वर्षाहून साधारण अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो, हे गणित पंचांगवाल्यांचं. आजीच्या मते तो जावयासाठी येतो. तेहतीस अनारशांचं वाण घेताना मधुमेही जावई कळवळून म्हणाले, "आई, मला गूळ वर्ज्य आहे." "वाणाने साखर वाढत नाही," आजीने निर्वाळा दिला. जावयांनी डॉक्टर बदलून पाहिला, सासू बदलण्याची सोय नव्हती.

चातुर्मासात आवडती वस्तू सोडतात. आजी पडवळ सोडायची. पडवळ तिला जन्मात आवडलं नव्हतं, पण त्याचा गाजावाजा कार्तिकीपर्यंत चाले. गाजावाजा न करता तिने एकदाच काही सोडलं. आजोबांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी. आम्हाला एवढंच दिसे, की दुपारी चार वाजले की ती सगळ्यांवर खेकसते आणि डोक्याला फडकं बांधून बसते. कारण कोणालाच उमगेना. आजोबा घरी आले, पलंगावर टेकले आणि पहिलं वाक्य बोलले, "आधी हिला चहा करा रे कोणीतरी."

ती गेल्यावर जुन्या कालनिर्णयांच्या पानांमागे, दुधाच्या खाड्यांशेजारी, उधार नवसांची यादी सापडली. नारळ किरकोळ होते, ते आम्ही एका सुट्टीत उरकले. मोठी बाकी मोठ्या काकांच्या नावावर निघाली: तंबाखू सुटली तर त्यांनी पंढरपूरला पायी जायचं. काका तेव्हापासून तंबाखू सोडायला तयार नाहीत. श्रद्धेचा प्रश्न आहे म्हणतात.

तुळजापूरला अनवाणी गेलेली मोठी काकू आयुष्यभर सासूच्या या कारभारावर चिडत आली. यंदा तिने त्याच पानावर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे: सोबतीला धाकट्या भावजींनी चालावं. धाकट्या काकाला अजून कळवलेलं नाही.