भोक आणि भूक

भिवंडी तालुक्यातल्या वळ गावात आता भाताची खाचरं शोधावी लागतात; गोडाऊन मात्र न शोधता सापडतात. मुंबई हाताशी हवी, पण तिची जकात नको, या व्यापारी हिशेबातून वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे अशा गावांत गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. २०१७ साली जीएसटी आला आणि जकात गेली. गाळे कुठेच गेले नाहीत. भात लावणाऱ्यांची मुलं भाडं वसूल करू लागली. या सगळ्या उलथापालथीत मोर्चा न काढता, मोबदला न मागता ज्यांचं पुनर्वसन झालं, असे फक्त उंदीर. जाणकार सांगतील की बांधावरची घूस वेगळी आणि माळ्यावरचा उंदीर वेगळा. खरंच आहे. पण पूर्वी कणगीभोवती घोटाळणारा आता पुठ्ठ्याच्या खोक्यात राहतो, बिस्किटं खातो आणि मालाबरोबर फुकट प्रवास करतो, एवढं कळायला प्राणिशास्त्र लागत नाही.

गाळ्याशेजारी घर असलं की रात्री उंदीर शेजारधर्म पाळायला येतो. आमच्याकडे पिंजरा लावायचा बेत मोठ्याने बोलायची बंदी आहे. ‘मामा ऐकतो,’ असं घरातल्या बायका डोळ्यांनीच सांगतात. मला हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण तो खरोखरच पहिल्या रात्री पिंजऱ्याकडे फिरकत नाही. त्याला ऐकू गेलेलं नसतं, दिसलेलं असतं. रोजच्या वाटेवर नवी वस्तू आली की उंदीर तिच्यापासून लांब राहतो. म्हणून पिंजरा दोन-चार दिवस भिंतीलगत नुसता उघडा ठेवायचा, आत खोबऱ्याचा तुकडा टाकायचा आणि त्याला निर्धास्त जेवू द्यायचं. मग एके रात्री खटका लावायचा. हे राजकारण्यांना शिकवावं लागत नाही, आपल्याला लागतं.

भाद्रपदात मात्र सगळंच अवघड होतं. मखरात मातीचा उंदीर बाप्पाच्या पायाशी, आणि माळ्यावर जिवंत. मोदकातही खोबरं आणि पिंजऱ्यातही खोबरं. विसर्जनापर्यंत पिंजरा पलंगाखाली जातो. एरवी सापडलाच, तर त्याला मारायचं कोणी, यावर घरात एकमत होत नाही. मग गोणपाटाखाली पिंजरा झाकून स्कूटरवरून पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून येतात. पुढच्या गावातही आपल्यासारखीच सुस्वभावी माणसं राहतात, हे कोणी लक्षात घेत नाही. वळचा पूर्ण्याला, पूर्ण्याचा वळला. नाहीतरी हा इलाका मालवाहतुकीसाठीच प्रसिद्ध आहे.

विषाचं म्हणाल, तर हल्लीच्या वड्या हळू काम करतात. खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी रक्तस्रावाने उंदीर मरतो, त्यामुळे त्याला त्या खाण्याचा संशय येत नाही. पण मरतो तो नेमका पोटमाळ्यावर, ट्रंकांच्या मागे, आणि पुढचा आठवडा सगळं घर नाकाला रुमाल लावून त्याला शोधत फिरतं. चिकट पुठ्ठ्यावर तो जिवंतपणी तडफडत राहतो. ते मला पाहवत नाही. मांजर पिटुकला उंदीर धरते, मोठ्या घुशीपुढे मात्र बऱ्याचदा तीच वाट बदलते. आणि चिचुंद्रीला उगाच झोडपू नका. ती उंदरांच्या कुळातली नव्हे. ती झुरळं खाते.

खरी गंमत ही की मध्यरात्री झाडू घेऊन सोफ्यावर चढणाऱ्या वीरांची संख्या भरपूर, पण दिवसा मोरीमागे वाकून पाहणारा एकही नाही. उंदराला यायला दरवाजा लागत नाही. अर्ध्या इंचाचं भोक त्याला पुरतं, पिल्लाला त्याहून कमी. पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने त्याला कुरतडत राहणं भागच असतं. म्हणजे भोकात बोळा कोंबला तर आपण त्याची दात घासायची सोयच केली. तिथे तारेची घासणी ठासून वर सिमेंट लागतं. जुने गवंडी त्यात काचेचा चुराही घालत. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी, धान्याला पत्र्याचा डबा, रात्री खरकटं आणि कचरा झाकलेला. आत भूक भागणार नसेल, तर बाहेरचा गाळा त्याला जास्त आवडतो. मादी तीन आठवड्यांत विते, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं की पुढच्या महिन्यात बघायला बरेच जण असतात.

हसून सोडण्यासारखं नाही ते पावसाळ्याचं. उंदराच्या लघवीतले लेप्टो या आजाराचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून आपल्यात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. तेव्हा मृगाआधी गळती बघायला गवंडी येईल, त्याला चहा द्या आणि गच्चीवर पाठवण्याआधी मोरीमागे न्या.