मंदगती वेगोपासक

ऑगस्ट महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी अमेरिकेतील डेट्रॉइट नगराच्या उत्तरेस, वुडवर्ड ॲव्हेन्यू नामक जो प्रशस्त राजमार्ग पाँटिॲककडे जातो त्याच्या दुतर्फा दुकानांच्या आवारांतून मोटारवेड्यांच्या क्लबांचा जो दरबार भरतो, त्यात एक गृहस्थ हमखास आढळतात: वयाने पासष्टीच्या पलीकडचे, नोकरीतून सन्मानपूर्वक निवृत्त, घडीच्या खुर्चीवर विराजमान, आणि हाती मऊ फडके. समोर त्यांची हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी मोटार, उभी असते. तिच्या पोटाखाली जमिनीवर आरसे मांडलेले असतात. कारण खालच्या दांड्यांनाही क्रोमचा मुलामा दिलेला आहे ही गोष्ट लोकांच्या नजरेस आली नाही, तर तो सारा खर्च गैरवाजवी ठरेल.

गाडी कोणत्या सालची, असे अवश्य विचारावे. मात्र विचारणाऱ्यास घरी जाण्याची घाई नसावी. ‘बत्तीस सालची फोर्ड’ हे त्यांचे उत्तर कागदोपत्री निर्विवाद असते, कारण नोंदणीच्या दाखल्यावर १९३२ हे साल स्पष्ट नमूद असते. गाडीचा पंचनामा करू गेल्यास मात्र असे निष्पन्न होते की टप तीन-चार इंच छाटून खाली बसविलेला आहे, मडगार्डे मुळातून नाहीशी झाली आहेत, ब्रेक, चाके, गाद्या, रंग हे सर्व चालू कारकिर्दीतील आहे, खालचा सांगाडा नवा कोरा मागविलेला आहे, आणि इंजिन तर चक्क शेवरोलेचे आहे! फोर्डच्या घराण्यातील हे शेवरोलेचे दत्तकविधान पंथातील कर्मठांना अद्याप मंजूर नाही. ते आपल्या मूळच्या फ्लॅटहेड इंजिनाशेजारी सोवळ्यात बसतात. आमचे गृहस्थ यावर एवढेच म्हणतात की शेवरोलेचे सुटे भाग कोठेही आणि स्वस्तात मिळतात. ज्या गाडीवर त्यांनी निवृत्तीची पुंजी खर्ची घातली, तिच्याविषयी बोलताना ‘स्वस्त’ हा शब्द त्यांच्या तोंडी केवळ याच ठिकाणी येतो.

वस्तुतः या वेडाचा उगम खरोखरीच दारिद्र्यात आहे. मोडीच्या भावाने मिळणाऱ्या फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्या घेऊन दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी, ज्यांच्या खिशात पैसा नव्हता परंतु हाती पाना होता, वजन घटावे म्हणून मडगार्डे उपटली आणि म्युरॉकच्या आटलेल्या सरोवराच्या तळावर धुळीचे लोट उडवीत त्या पिटाळल्या. १९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन घातले, तेव्हा तर या मंडळींना कुबेराची किल्लीच सापडली. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापून वेगाचे रीतसर दप्तर ठेवण्यास आरंभ केला. महायुद्धानंतर हा नाद देशभर पसरला, आणि रात्रीच्या रस्त्यांवर शर्यती लावणारी ही पोरे पोलिसांच्या लेखी पुंड ठरली. आता तेच पोलीस आमच्या गृहस्थांच्या गाडीशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात.

खरी बहार त्याच दिवशी वुडवर्डवरून निघणाऱ्या मोटारींच्या मिरवणुकीत येते. हा सोहळा १९९५ साली फर्नडेल येथे मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी जमविण्याकरिता सुरू झाला. पुढे तो इतका फोफावला की ज्या यंत्राचा प्रत्येक खिळा वेगाच्या ध्यासाने ठोकला गेला, ते यंत्र या दिवशी मुंगीच्या पावलाने सरकते, मध्येच थांबते, तापते, आणि रेडिएटरमधून वाफेचे सुस्कारे टाकू लागते. गृहस्थांना याची यत्किंचितही खंत नसते. उलट, गाडी वेगाने गेली तर लोकांना दिसणार कशी, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. आणि शर्यतीची हौस ते जागच्या जागी, गियर न टाकता, ॲक्सिलरेटर दाबून केवळ आवाजावर भागवितात. त्यांची सहधर्मचारिणी मागून पाण्याचे कॅन आणि सँडविचे घेऊन वातानुकूलित मोटारीतून येत असते. ती मोटार जपानी बनावटीची असते, पण ही गोष्ट डेट्रॉइटात मोठ्याने बोलण्याची नव्हे.

जुन्या गाडीचा मूळचा खिळाही हलू न देणारे जे दुसरे संप्रदायी असतात, त्यांच्यापेक्षा मला हे गृहस्थ अधिक पसंत आहेत. ते इतिहासाची राखण करीत नाहीत, त्याची बेधडक दुरुस्ती करतात, आणि वर त्याच सालाचा दाखला दाखवितात.

डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत आपले पुष्कळ मराठी अभियंते आहेत. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जाण्याचा योग आल्यास वाचकांनी ऑगस्ट साधावा. गाडीस बोट लावू नये. इंजिनाविषयी मनसोक्त विचारावे. खर्चाचा आकडा मात्र गृहस्थांच्या पत्नीच्या समक्ष विचारू नये, कारण तिला सांगितलेला आकडा निराळा असतो.