बूट ठेवलेत लग्नाला

गिरगावच्या चाळीत बुटांची सर्वांत जास्त काळजी घेतो तो ते न घालणारा. बूट खोक्यात, खोकं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पोटमाळ्यावर. ‘लग्नकार्याला होतील!’ मग कार्य निघतं, बूटही निघतात आणि हॉलच्या पायरीवरच तळाचा भुगा होतो. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत नुसता पडूनही मोडतो, हे पोटमाळ्याला कोण सांगणार? वर चामड्याला बुरशी, ती फुकट.

रोज घालणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. हिंदमाता चौकात तुंबलेलं पाणी तुडवून आलेले बूट थेट गॅसजवळ! चामडं पापडासारखं कडकडतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्याला, सावलीत ठेवा म्हटलं, तर रद्दीचा भाव आठवतो.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये फॅशन कंपनी प्रादाच्या मिलानमधल्या शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल झळकली आणि आपला अभिमान उतू गेला. दादरला मात्र ती भर जुलैत चिखलात. भिजली की फुगते, मग दोष कारागिराचा!

लालबागच्या राजाच्या दर्शनाला जाताना जुनी चप्पल घालायचं बरोब्बर सुचतं ना? तेवढीच अक्कल जूनमध्ये वापरा. पावसाळाभर रबरी घाला, चामड्याला सुट्टी द्या.