लाखमोलाचा किडा

पळसाला पाने तीनच, असे म्हणून आपण मोकळे झालो. त्या पानांमागच्या फांदीवर कोण बसले आहे, हे पाहायचे राहूनच गेले. गोंदियाकडच्या रानात पळसावर लाख मिळते. गोंड आदिवासी डिंक आणि लाख विकायला आणत, त्यावरून या गावाला नाव पडले, असे सांगतात.

लाख म्हणजे एका इवल्याशा किड्याचे घरबांधणीचे काम. मादी एकदा कोवळ्या फांदीत सोंड खुपसून बसली की जन्मभर हलत नाही. तिचे पायही झडून जातात. रस प्यायचा आणि अंगातून राळ स्रवून स्वतःभोवती भिंत उभारायची. माणूस असे बसला असता तर डॉक्टरांनी त्याला रोज सकाळी चालायला लावले असते.

पण या बैठकीतून केवढे निघाले! सोनाराने लाख पोकळ दागिन्यांत भरली, कचेरीने लाखोट्यावर ठोकली, सुताराने स्पिरिटात विरघळवून खुर्ची चमकवली. दुर्योधनाने तर पाहुण्यांसाठी तिचा वाडाच बांधवला. पुढे ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आल्या. शुद्ध केलेली लाख, म्हणजे शेलॅक, दगडाची पूड आणि काजळी, एवढ्या भांडवलावर बालगंधर्व घरोघरी पोचले. एका बाजूला मिनिटे जेमतेम तीन-साडेतीन. ज्या गवयांना आवरण्याची आयोजकांचीही छाती नव्हती, त्यांना या तबकडीने वेळेत समेवर आणले.

विजेच्या तारांच्या वेष्टणालाही शेलॅक लागे, आणि ते महाग. त्याला पर्याय शोधता शोधता लिओ बेकेलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट बनवले. ते पहिले पूर्ण कृत्रिम प्लास्टिक. १९४८ मध्ये व्हायनिलची एलपी आली आणि तबकड्यांतूनही लाख हळूहळू हद्दपार झाली. आज गटारात तुंबलेल्या पिशव्यांचे घराणे शोधत गेलात, तर किड्याशी बरोबरी करायला निघालेल्या त्या प्रयोगशाळेपाशी पोचाल. फरक इतकाच, की किड्याची राळ कालांतराने मातीत मिसळते.

एवढे होऊनही किडा निवृत्त झालेला नाही. औषधाच्या गोळ्यांवर, चॉकलेटवर, दूरदेशाहून आलेल्या सफरचंदावर जी तकाकी दिसते, ती पुष्कळदा त्याचीच असते. कडक शाकाहारी मंडळींनी चॉकलेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ९०४ हा आकडा आहे का, तेवढे पाहून घ्यावे. तो शेलॅकचा क्रमांक आहे.